हळदीची वाटी

जलंब स्टेशनावर आम्हाला सोडायला अख्खं पिंपळगाव राजा आलं होतं, बैलांसकट. बरं, अख्खं नाही. गाड्या धा-बारा होत्या. बरं, एकच होती. पण त्या एका गाडीत माणसं एवढी कोंबलेली की बैलच रडकुंडीला आले होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि मी व माझा चुलतभाऊ गजानन कलकत्त्याला निघालो होतो, खामगावच्या कापूसवाल्या शेटजींच्या तिकडच्या गोदामात. आगगाडी हलली तशी गजाननची माय, माझी काकू, खिडकीशी आली. "रामा, याले जसा नेऊन राह्यला, तसाच आणजो बापा."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या पोटामागे बाहेर पडलेल्यांनो, कलकत्त्याचा फुटबॉल तुम्हाला सांगून खरा वाटणार नाही. गोल झाला की असा ओरडा उठे की हुगळी उलटी वाहायची. भरतीला ती तशीही उलटी वाहते, पण लोक नाव गोलाचं घेत. शहर दोन क्लबांत वाटलेलं. हरलेल्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. मैदानात विटा उडत, डोकी फुटत, आणि सोमवारी सगळे निमूट कचेरीत.

आम्हाला त्याचं नवल नव्हतं. आपल्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, काय होतं? कोणाची जोडी आधी पोचली यावरून गाड्यांच्या कडेचे दांडे, उभाऱ्या, उपसून आपण एकमेकांना झोडपतच आलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मारणारा जखमेला हळदीची वाटी घेऊन मार खाल्लेल्याच्या दारात यायचा. घरच्या बाया त्याला ऐकवायच्या, "ये बे, अजून एक डोकं शिल्लक आहे!" मग चहा. हळद होती म्हणून तर आपण इतके बिनधास्त मारायचो, हेही खरं.

एका मॅचला पंचानं गोल नाकारला. आम्ही कोणत्याच क्लबाचे नव्हतो, शेंगदाणे खात बसलो होतो. वीट आली ती गजाननच्या डाव्या डोळ्यावर. डोळा गेला. इथं वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

दवाखान्यातून खोलीवर आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो म्हणाला, "रामदादा, दार उघडं ठेव. अन दूध जास्त आणजो."

"काऊन बे?"

"ज्यानं मारलं तो येईन ना."

मी दूध आणलं. रोज आणत गेलो. शेजारचे पोस्टातले हरिबाबू दारातूनच म्हणाले, "अरे बाबा, फुटबॉल है. ऐसा तो होता है. ईंट का कोई नाम होता है क्या?"

गजानन म्हणाला, "मंग त्याले झोप कशी येत असन?"

दिवाळीला तो गावी आला नाही. "माय विचारन, कोणी मारलं, हळद घेऊन आला काय. काय सांगू?"

मी म्हटलं, "मी सांगतो ना!"

"तूच सांगशीन बाप्पा," तो म्हणाला.

सांगितलंच मी. ओट्यावर गाव जमलं होतं. म्हटलं, मारणारा आला, मागे अर्धा क्लब, चांदीच्या वाटीत हळद, बैलाएवढा मासा, आणि रडला असा की आमच्या खोलीत गुडघाभर पाणी. लोक पोट धरून हसले. काकू हसली नाही.

"नाव काय त्याचं?"

गोदामातल्या समद्या बंगाली हमालांची नावं मला तोंडपाठ होती. एकही तोंडातून निघालं नाही. ओट्यावरचं हसणं विझलं. काकू आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली, फडक्यात बांधलेली. "हे ने. कोणी तरी तं नेली पाह्यजे."

कलकत्त्याला परतल्यावर वाटी मी गजाननपुढे ठेवली. त्यानं वास घेतला.

"नाव विचारलं तिनं?"

"हाव."

पुढे त्यानं काही विचारलं नाही, आणि गावी जायचं नावही काढलं नाही. घर कुठं, असं मला कोणी विचारलं तर मी पिंपळगाव सांगतो. तिथं डोकं फोडणाऱ्याला आपलं दार माहीत असतं. इथं मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गजानन अजून दार उघडून बसतो. वाटी खिडकीत आहे, हळद पार फिकी पडली. जास्तीचं दूध मी आणत नाही. तोही आता सांगत नाही.