मागची सीट रिकामी झाल्यावर

विमानांच्या चाचणी केंद्रावर माझी बदली झाली तेव्हा मी स्क्वाड्रन लीडर होतो. काम फ्लाइट टेस्ट इंजिनिअरचं. पुढच्या सीटवर टेस्ट पायलट, मागच्या सीटवर मी, मांडीवर नोंदींचा पॅड. माझे पायलट होते विंग कमांडर श्रीनिवास महेंद्रकर.

सर म्हैसूरचे. मंडी मोहल्ल्यात वडिलांचं शिवणकामाचं दुकान. घरात मराठी, पण दर दोन वाक्यांनी कन्नड. ओव्हरऑलवरची नावाची पट्टी सर स्वतः शिवत. एकदा माझी उसवलेली दिसली, तर ब्रीफिंगआधी सुई-दोरा काढून त्यांनी ती पक्की करून दिली. म्हणाले, "ढिलं काही घेऊन वर जायचं नाही."

टेस्ट पायलट नेमकं काय करतो, असं लोक विचारतात. शिकाऊ पायलट जिथे चुकून अडकेल, तिथे तो आधी मुद्दाम जातो. परतीची वाट शोधतो आणि लिहून ठेवतो. आमच्याकडे तेव्हा एक नवं ट्रेनर विमान होतं. त्याच्या स्पिनच्या चाचण्या चालू होत्या. स्पिनमध्ये विमान गरगरत खाली येतं. त्यातून ते बाहेर कसं काढायचं, हे ठरवायचं होतं.

त्या दिवशी ०९४० ला टेक-ऑफ. पंचवीस हजार फुटांवर सरांनी डावीकडे स्पिन घेतला. चार फेऱ्यांनंतर रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, उलटा दिला. विमान बाहेर येईना. पुन्हा दिला. नाहीच.

"चूट सोडतोय," सर म्हणाले.

शेपटीतलं छोटं पॅराशूट अशाच वेळेसाठी असतं. ते सुटलं, पण उघडलं नाही. दहा हजार फुटांखाली विमानात थांबायचं नाही, असा नियम होता.

"दहा हजार," मी उंची वाचली.

"इजेक्ट. तू आधी."

"सर, तुम्ही..."

"इजेक्ट!"

मी सीटचं हँडल ओढलं.

पॅराशूटने नाचणीच्या शेतात उतरलो. धूर मला वरूनच दिसला होता. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. आकाशाकडे बघून तिने विचारलं, "इन्नोब्बरु एल्लि?" दुसरे कुठे आहेत?

सर इजेक्ट झाले होते, पण फार खाली. पॅराशूट उघडायला उंची उरली नव्हती.

चौकशीत मला रेडिओची टेप ऐकवली. मी निघाल्यावर सर तीस सेकंद थांबले होते. बोलणं इंग्रजीत, आवाज रोजचा. मागचं वजन गेलं. नाक खाली येतंय. फिरणं मंदावतंय. रडर लागू पडतोय. मग थोडा खंड, आणि शेवटचं: उंची संपली, निघतोय.

दोष त्या तीस सेकंदांत सापडला. विमानाचा तोल मागे झुकलेला होता; माझं आणि माझ्या सीटचं वजन गेलं, तेव्हाच रडर चालू लागला.

तेराव्यानंतर मी म्हैसूरला गेलो. वडील मशीनपाशी बसले होते. मशीन बंद होतं.

"निजा सांगा, साहेब," ते म्हणाले. "खरं काय ते. तुम्ही आधी का निघालात?"

"त्यांची ऑर्डर होती, काका."

"मत्ते, मग तो का राहिला?"

मी सगळं सांगितलं. वजन, तोल, नाक. ते मन लावून ऐकत होते.

"म्हणजे त्याला कळलं होतं, पण काम पुरं नाही झालं."

"नाही झालं."

"मग तुम्ही पुरं करा की."

विमानाचं वजन पुढे सरकवायला कित्येक महिने गेले. पुन्हा चाचणी ठरली तेव्हा पुढे दुसरे पायलट होते; मागच्या सीटसाठी मी नाव दिलं. डावीकडे स्पिन, चार फेऱ्या, उलटा रडर. दीड फेरीत विमान सरळ झालं. मी वेळ लिहिली. आकडा दोनदा गिरवला.

उतरल्यावर दुकानात फोन केला. "काका, विमान बाहेर आलं."

ते दुकानातल्या माणसांना मोठ्याने म्हणाले, "नम्म सीनून केलस मुगीतु." आमच्या सीनूचं काम झालं.

आज त्या विमानावर नवे पायलट स्पिन शिकतात. त्यांच्या पुस्तकात ती वाट चार ओळींत दिली आहे. ती कोणी शोधली, ते तिथे लिहिलेलं नाही. विंग कमांडर श्रीनिवास महेंद्रकर. म्हैसूर.