तराजूची बाजू

दोन हजार पाचच्या सुमारास, परदेशात, बिशानच्या आमच्या ब्लॉकमध्ये, सातव्या मजल्यावर, एक मराठी गृहस्थ राहायचे. रविवारी सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन ते चांगीच्या किनाऱ्यावर जात आणि गंजून खड्यासारखी झालेली नाणी घेऊन परत येत. मराठी माणूस भेटला की आपण आधी गाव विचारतो. मला त्यांनी चार वर्षांत कधी विचारलं नाही. नाण्यांना मात्र अगदी अदबीनं विचारत, "बोला, मूळचे कुठले आपण?"

एकदा त्यांच्याबरोबर गेलो, तर मलाही एक नाणं सापडलं. तांब्याचं, कळकून हिरवं झालेलं. घरी आल्यावर देवाची भांडी घासतात तसं मी ते चिंचेनं घासलं. एक बाजू लख्ख झाली आणि साफ सपाट. तेव्हा कुठे चूक कळली, आणि तसाच त्यांच्याकडे धावलो.

ते रागावले नाहीत. लख्ख बाजू खाली करून त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं, पडदे ओढले, टॉर्च आडवा धरला आणि नखानं नाणं हळूहळू फिरवत राहिले. "बोला..."

त्या हिरव्या पुटातून आधी एक दांडी वर आली, मग दोन पारडी.

"तराजू. कंपनी सरकारच्या काळातला मुंबईचा पैसा," ते म्हणाले. "आपल्या कितीतरी आधी आलेत हे इथे."

"आणि मी घासली ती बाजू?"

त्यांनी नाणं उलटं केलं नाही.

"तिथे साल होतं," ते हळूच म्हणाले.