कुलूपबंद आवाज

फाइलींच्या नावांना शेपट्या फुटू लागल्या तेव्हा आधी मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असावा. प्रत्येक नावाच्या शेवटी काहीतरी निरर्थक अक्षरं चिकटत होती. फाइलींवरची ओळखीची चित्रं जाऊन तिथे कोरे पांढरे कागद दिसायला लागले. मी एकीवर क्लिक केलं, उघडेना. दुसरीवर केलं, तीही उघडेना. मग पडद्यावर आपोआप एक काळी चौकट आली. तीत इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा.

त्या लॅपटॉपमध्ये बाबांचा आवाज होता.

बाबा रामघाटाजवळच्या एका पाठशाळेत वेद शिकवायचे. आमचं घरही तिथल्याच गल्लीत. दाराच्या आत मराठी, बाहेर हिंदी, असं आमचं कितीतरी पिढ्या चाललेलं. मागच्या हिवाळ्यात बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही." बाबांनी मान हलवली आणि एवढंच विचारलं, की ऑपरेशनपर्यंत म्हणता येईल ना?

म्हणून मी एक माइक आणला. कॉलेजात शिकवायला जायच्या आधी रोज सकाळी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून ठेवायचे. ते मांडी घालून बसायचे, उजव्या हाताने स्वर दाखवत संहिता म्हणायचे. आवाज बसका झाला होता, मध्येच थांबून घोटभर पाणी लागायचं. पत्र्यावर माकडं उड्या मारायची, घाटाखालून मोटरबोट जायची, तेही सगळं त्यात आलं. शिवाय आईच्या हट्टापायी मी काही छोटे छोटे तुकडे घेतले होते. एकात बाबा तिला हाक मारतात, एकात भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार करतात.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर बाबा पाटीवर लिहून बोलायला लागले. ती रेकॉर्डिंगं त्यांनी कधी मागितली नाहीत, आणि आम्हीही कधी लावली नाहीत.

फाइलींना शेपट्या फुटल्या त्या दिवशी मी त्या रेकॉर्डिंगांचीच दुसरी प्रत करायला बसले होते. नवी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडलेली होती. तेवढ्यात एक ईमेल आली. ऑपरेशनच्या विम्याचे कागद अपुरे आहेत, सोबतची फाइल पाहावी. त्या विम्याच्या उत्तराची मी वाटच पाहत होते. फाइल उघडली, आत काहीच नव्हतं. बंद करून कामाला लागले. नंतर शेपट्या फुटल्या, आणि जोडलेल्या हार्ड डिस्कवरच्या फाइलींनाही फुटल्या.

माझा मावसभाऊ पुण्यात कंप्युटरचंच काम करतो. मी त्याला फोन लावला.

"ताई, आधी इंटरनेट तोड," तो म्हणाला. "डिस्क काढ. आणि पैसे अजिबात भरू नकोस. भरूनही किल्ली मिळतेच असं नाही."

"मग मिळेल कशाने?"

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. "या व्हायरसची किल्ली अजून कुणाला सापडलेली दिसत नाही," तो म्हणाला. "पण काही पुसू नकोस, काही नवीन टाकू नकोस. तिथे डेटा रिकव्हरी करणारं कुणी आहे का बघ."

मी लॅपटॉप मिटून ओढणीत गुंडाळला. जणू तो उघडा राहिला तर आणखी काही गळून जाणार होतं. आईला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं. तिच्या हातातली कणीक तशीच राहिली.

"सगळंच गेलं?"

"माहीत नाही."

"त्यांना सांगू नकोस हं. आत्ता कुठे चार घास खायला लागलेत."

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं: ते लाव. ऐकू या.

एवढे दिवस त्यांनी स्वतःच्या आवाजाकडे पाठ फिरवली होती, आणि आज मागत होते. "लॅपटॉप बिघडलाय बाबा, दुरुस्तीला द्यायचाय," मी म्हणाले. खोटं नव्हतं, तरी त्यांच्याकडे बघवेना. ते मान हलवून परत गेले. जिन्यावर त्यांच्या गळ्याच्या नळीतून येणारा श्वास ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या सिगरा भागात, डेटा रिकव्हरीच्या एका दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी दोन्ही डिस्क तपासल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला. "दीदी, छोटी फाइलें तो गईं समझिए. बड़ी वाली देखते हैं." त्यांनी सांगितलं ते असं: हा व्हायरस घाईत असतो. मोठ्या फाइलीचा फक्त सुरुवातीचा भाग तो बिघडवतो, कारण तेवढ्यानेच ती उघडेनाशी होते. उरलेला आवाज आत शाबूत असू शकतो. पण त्यांचा स्वतःचा पूर्ण भरवसा दिसत नव्हता. चार दिवसांनी या म्हणाले.

ते दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. वर्गात शिकवताना वाक्य अर्ध्यावर सुटायचं. फोन वाजला की वर्ग सोडून बाहेर यायचे. घरी बाबांची चाहूल लागली की मी काहीतरी काम हातात घ्यायचे. आई तर त्यांच्यासमोर इतकी जास्त बोलायला लागली, की कुणालाही संशय यावा.

दुकानातून फोन आला. मी धावतपळत गेले. त्यांनी एक फाइल लावली. नुसती खरखर. चालत्या पंख्यासारखी, अखंड.

"यही है?" मी विचारलं.

"अभी नहीं बना," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता. विचार करून त्यांनी विचारलं, त्याच माइकवर, तशाच पद्धतीने केलेलं एखादं चांगलं रेकॉर्डिंग आहे का? आवाज कुणाचाही चालेल. फाइल कशी वाजवायची हे तिच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं, चांगल्या फाइलीतला तो भाग बिघडलेल्या फाइलींना जोडून पाहता येईल. तसं माझ्याकडे काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं कुलपात.

मग कॉलेजातल्या मैत्रिणीचा लॅपटॉप आणला. बाबा दुपारी झोपले असताना माइक बाहेर काढला आणि आईला समोर बसवलं.

"काय बोलू?"

"काहीही बोल. फक्त थांबू नकोस."

ती बिचारी माइककडे बघत कढीची कृती सांगायला लागली. ताकाला बेसन लावून झालं, आणि पुढे तिला सुचेना. मी खुणा करत होते. तिचे डोळे माझ्यामागे गेले आणि ती थांबली. दारात बाबा होते. त्यांनी माइक पाहिला, परका लॅपटॉप पाहिला, मग आमचे चेहरे पाहिले.

ते परत गेले आणि पाटी घेऊन आले.

गेलं? त्यांनी लिहिलं होतं.

मी सगळं सांगितलं. ईमेल, कुलूप, खरखर, सगळं. त्यांनी पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिले.

गळा कापणार हे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. मी ऐकलं की नाही? मग हे का लपवलंत?

"तुम्हाला त्रास होईल म्हणून," आई म्हणाली.

बाबांनी खडू आपटला. रागावलेच होते. पण मग आईच्या शेजारी बसले आणि बोटाने माइककडे दाखवलं: पुढे सांग. आईने नाक ओढत कढीला फोडणी घातली.

ती फाइल घेऊन मी पुन्हा सिगऱ्याला गेले. या वेळी बाबाही सोबत आले. ई-रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांच्या गळ्याला त्रास होईल म्हणून मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. दुकानात स्टुलावर बसून राहिले. त्या गृहस्थांनी पहिली फाइल जोडून लावली. थोडी खरखर झाली. आणि एका ऋचेच्या मध्यातून बाबांचा आवाज सुरू झाला, बसका, पण त्यांचाच.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि स्वराबरोबर वर, खाली, बाजूला फिरत होता. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकंही वळून पाहू लागली.

अचानक हात थांबला. बाबांनी कपाळाला आठी घालून थांबवायची खूण केली. काय बिघडलं? त्यांनी खिशातला कागद काढून लिहिलं: इथे स्वर चुकला. माझाच.

लांबलचक रेकॉर्डिंगं बहुतेक सगळी परत मिळाली, प्रत्येकाची सुरुवात सोडून. छोटे तुकडे नाही मिळाले. आईला मारलेली हाक गेली, मिठाची तक्रार गेली. आईने ते समजल्यावर फक्त "बरं" म्हटलं आणि पाणी भरायला निघून गेली.

आता प्रती तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक पुण्यात. तरीही अनोळखी ईमेल आली की मी ती न उघडताच पुसून टाकते. रविवारी बाबांचा एक जुना विद्यार्थी येतो, आता तो स्वतः पाठशाळेत शिकवतो. गेलेल्या सुरुवाती तो म्हणतो, बाबा समोर बसून हाताने स्वर दाखवतात, आणि तो चुकला की मांडीवर थाप मारतात. मी माइक सांभाळते. मागच्या रविवारी पहिल्याच ओळीला त्यांनी त्याला इतक्या वेळा थांबवलं, की शेवटी आईने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "अहो, त्याला जरा श्वास तरी घेऊ द्या."