पहिलं बोलावणं

अमेरिकेत लेकाकडे आले आहे. जेवणाच्या टेबलावर माझी नात इरा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा तक्ता आखून बसली आहे. आयुष्यातलं पहिलं मत चुकायला नको, म्हणून कोण कुठे वाढलं, काय शिकलं, दवाखान्याच्या खर्चाबद्दल, युद्धाबद्दल कोण काय म्हणतं, अशा ओळी भरताहेत. उमेदवार दोनच, पण पेन्सिल खोडरबराच्या टोकाकडूनच जास्त झिजते आहे.

"आजी, तू पहिलं मत कसं दिलंस गं?"

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षपदाला दोघी उभ्या होत्या. एक शिक्षिका, बालवाडी काढू म्हणणाऱ्या. दुसऱ्यांनी कुठल्याच कामाचं नाव काढलं नव्हतं. पण मी नवी सून असताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं करायला त्या स्वतः माझ्या दारात आल्या होत्या. झालं, मी विरघळले आणि मत त्यांनाच दिलं. उमेदवाराला तोलतेय असा माझा आव होता. खरं तर मी माझंच वजन करून घेत होते. मोठ्या मोठ्या निवडणुकांतही हे चालत असावं.

"मग?"

"मग हळदीकुंकू दर वर्षी झकास झालं. बालवाडी काही निघाली नाही. तुझा बाबा माझा पदर धरून स्वयंपाकघरातच वाढला."

"म्हणून पोळ्या गोल लाटतो."

एवढं बोलून तिनं तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवली : 'आपल्या दारी येतील का?' दोन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून शांतपणे वाचायला लागली.