कॅसेटमधला मुकादम

टीव्हीवर निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावत होत्या आणि टेपरेकॉर्डर किंचाळत होता. खोलीतल्या पोरांनी कानात बोटं घातली होती. मुख्याध्यापक मिसाळ सर दारातून डोकावले.

"मॅडम, बिघडलं का?"

"नाही सर. हे असंच लोड होतं."

"किती वेळ?"

"पाचेक मिनिटं."

पाचेक मिनिटांनी पट्ट्या थांबल्या. आवाज थांबला. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ उमटली. टेप वाचताना चूक झाली, असा तिचा अर्थ.

मागून करण नावाचा पोरगा म्हणाला, "माझ्या मामाच्या फोनवर गेम एका टचला चालू व्हतो. ह्ये कावून किंचाळतंय?"

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून चरकले होते. आठवडाभर या पोरांना सांगून ठेवलं होतं, की शनिवारी तुम्हाला एक गंमत दाखवते.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये नोकरी केली. तंत्रनिकेतनातल्या मुलांना सोल्डरिंग शिकवणं, मीटर धरायला शिकवणं, जळालेले पार्ट ओळखायला शिकवणं, हे माझं काम. रिटायर झाल्यावर पाटोद्याला माहेरच्या घरी राहायला आले. जवळच्याच एका गावात मिसाळ सरांची शाळा आहे. तिथं हंगामी वसतिगृह चालतं. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला कारखान्यांकडं जातात. त्यांच्यासोबत पोरं गेली तर शाळा सुटते. म्हणून तेवढे महिने ती शाळेतच राहतात, जेवतात, झोपतात.

दिवसा शाळा असते. रात्री थकून झोप येते. अवघड असते ती संध्याकाळ. त्या हंगामात दोन पोरं संध्याकाळी गुपचूप रस्त्याला लागली होती. उसाच्या गाडीला हात करून आईकडं जायचं ठरवलं होतं त्यांनी. एका ओळखीच्या दुकानदारानं फाट्यावर ओळखलं म्हणून बरं. सर दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं आले.

"संध्याकाळचं काही तरी करा मॅडम. कॉम्प्युटर शिकवा."

शाळेच्या दोन कॉम्प्युटरपैकी एकाला मॉनिटर नव्हता. दुसरा चालू व्हायचा आणि कंपनीच्या चित्रावरच अडकून बसायचा. मग मी माझा काढला.

माझा म्हणजे दादाचा. माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकात कधीतरी परत येताना त्यानं एक होम कॉम्प्युटर आणला. त्या काळी असे कॉम्प्युटर निघत. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र. पडदा नाही, तो घरच्या टीव्हीला जोडायचा. डिस्क नाही, साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. कॅसेटवर गाण्यांऐवजी प्रोग्राम असायचा. तो आवाजाच्या रूपात असतो, म्हणून ती किंचाळी.

पेठेत आमचं किराणा दुकान होतं. शटर अर्धं खाली ओढलं की मी आणि दादा मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचो. आमच्याकडं एक गेम होता. त्या जातीच्या गेमला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. दुकानातल्या फळ्या असतात तशा पडद्यावर एकावर एक फळ्या. त्यावर बोटाच्या पेराएवढा माणूस. तो पळतो आणि उडी मारतो, दुसरं काही करत नाही. फळीवरून फळीवर उड्या मारत वस्तू गोळा करायच्या आणि वरच्या दारातून बाहेर पडायचं, की नव्या फळ्यांचा पुढचा पडदा यायचा. मध्ये राखणदार येरझाऱ्या घालत असतात. त्यातला एखादा शिवला की मेलात. तीन जीव असतात. ते संपले की परत पहिल्यापासून.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसलेले असत. तिथूनच मान वळवून पाहायचे.

"तो पडला की परत वर कसा येतो गं शैला?"

"त्याला तीन जीव असतात आप्पा."

"चैन आहे बाबा त्याची," म्हणायचे आणि परत हिशोबाकडं वळायचे. बाजाराच्या दिवशी आष्टीकडची गिऱ्हाइकंसुद्धा पिशव्या खाली ठेवून मागं येऊन उभी राहायची. साखर बांधून तयार असायची, पण नेणाऱ्याचं लक्ष नसायचं. दादा खेळायचा आणि मी राखणदाराकडं लक्ष ठेवून "आता!" म्हणायचे. भांडण झालं की दादा मुद्दाम माझं न ऐकता उडी मारायचा आणि मरायचा.

तर तो गेम आता लोड होत नव्हता.

टीव्हीची अडचण मी आधीच सोडवली होती. शाळेचा टीव्ही नवा, सपाट. त्याला जुन्या अँटेनाच्या वायरीतून चित्र येणार आहे हे मेनूत खोल जाऊन सांगावं लागलं. आता अडचण टेपची होती. मी बाहेर ओट्यावर जाऊन दादाला पुण्याला फोन लावला.

"दादा, एरर देतोय रे."

"कुठला टेपरेकॉर्डर?"

"शेजाऱ्यांचा. आपला गेला कधीच."

"मग हेड जुळत नसणार. स्क्रू फिरव ना. तूच फिरवायचीस." जरा थांबून म्हणाला, "खरंच लावलास तू तो?"

"लावलाय."

"पोरं आहेत समोर?"

"खोली भरून."

"फोन ठेवू नकोस. नुसता आवाज ऐकव मला."

फोन तसाच चालू ठेवून मी आत गेले. टेपरेकॉर्डरमध्ये धातूचा एक छोटा तुकडा कॅसेटच्या फितीवर टेकलेला असतो. त्याला हेड म्हणतात. तो केसभर जरी तिरका असला तरी आवाज दबका येतो आणि कॉम्प्युटरला कळत नाही. त्याच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवत जायचं आणि आवाज सर्वांत टोकदार कुठं होतो ते कानानं ठरवायचं. माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

"तुमच्यापैकी कोणाचे कान तिखट आहेत?" मी विचारलं.

सगळ्यांचे होते. मी स्क्रू फिरवू लागले आणि सगळे एकदम ओरडू लागले. कोण म्हणे आत्ता, कोण म्हणे मघाशीच. मग माझ्या लक्षात आलं की खिडकीपाशी बसलेली एक मुलगी ओरडत नाही, पण आवाज साफ झाला की दरवेळी मान वर करते.

तिचं नाव अश्विनी. तिसरीतली. आईबाप गेल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती. ताटातली अर्धी भाकरी ताटातच ठेवायची. तिच्या वडिलांचा सरांना फोन येऊन गेला होता, की पोरगी जेवत नाही, तिची आई इकडं रडतीय, पुढच्या महिन्यात गावाकडं गाडी येणार हाय, मी येतो आन् तिला घिऊन जातो. सरांनी मला सांगताना हात झटकले होते. "गेली की परत येत नाही मॅडम. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत बसंल." कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची खोपटी.

मी तिला जवळ बोलावलं. "तू सांग. बोलू नकोस, माझ्या खांद्याला हात लाव."

मी स्क्रू फिरवत गेले. खांद्यावर हलकेच बोट टेकलं तिथं थांबले. कॅसेट पहिल्यापासून लावली. पट्ट्या आल्या, किंचाळी आली, पाचेक मिनिटं कोणी हललं नाही. मग पडदा काळा झाला आणि फळ्या उमटल्या. त्यावर तो पेराएवढा माणूस.

खोलीत जो गलका झाला तो दादानं पुण्यात ऐकला. "बरं बरं," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

करणनं आधी नाक मुरडलं. "ह्याला रंगच धड न्हाईत." मग त्याला कीबोर्डवर बसवलं. पहिल्याच फळीवरून पडून त्याचे तिन्ही जीव गेले. तेव्हा मात्र तो पुढं सरकून बसला. फोनवरचा गेम ज्याचा त्याचा असतो. इथं मशीन एक, पडदा एक, बाकी सगळे बघणारे. एकजण मेला की पुढचा बसायचा, आणि आधीच्याचं मरण सगळ्यांनी पाहिलेलं असल्यानं तो त्याच्यापेक्षा एक उडी पुढं जायचा.

नावं त्यांनीच ठेवली. फळीवर येरझाऱ्या घालणारा राखणदार म्हणजे मुकादम. मजुरांच्या टोळ्या नेणारा माणूस म्हणजे मुकादम, या घरांमधल्या लेकरांना ते वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या पडद्यावर आपोआप सरकणारी एक फळी होती. ती झाली गव्हाण, कारखान्यात ऊस ज्या पट्ट्यावरून आत जातो ती. वस्तू म्हणजे उसाच्या मोळ्या. आणि पडदा पार झाला की सगळे एका सुरात ओरडायचे, "पट्टा पडला!" कारखान्याचा हंगाम संपला की तोडणीवाले असं म्हणतात. पट्टा पडला की माणसं घरी येतात.

अश्विनी कीबोर्डला हात लावत नव्हती. माझ्या खुर्चीला टेकून उभी राहायची. एका संध्याकाळी करण तिसऱ्या पडद्यावर दोन मुकादमांच्या मध्ये अडकला. तिथं सगळेच मरत. अचानक माझ्या कानाशी कोणी तरी ओरडलं, "आत्ता मार!"

करणनं उडी मारली. वाचला. त्यानं वळून पाहिलं.

"तुला कसं कळलं गं?"

"त्यो वळायच्या आधी जरा थांबतो," अश्विनी म्हणाली. "दर बारीला थांबतो."

तेव्हापासून तिला कोणी खाली बसू देईना. खेळणारा कोणीही असो, "आत्ता" म्हणणारी अश्विनीच.

मग मशीन गेलं.

शेतीपंपांची लाईन बंद झाली की गावातल्या लाईनचा दाब एकदम चढतो. त्या संध्याकाळी दिवे भगभगले आणि टीव्हीवरचा माणूस उडीच्या मध्येच गोठला. मग पडद्यावर नुसते चौकोन. मी वायर ओढली, पण करपल्याचा वास आलाच. लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर तो वास ओळखायला मीटर लागत नाही.

"दुरुस्त व्हतंय ना मॅडम?" करणनं विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

घरी नेऊन उघडलं. व्होल्टेज पाचावर धरून ठेवणारा रेग्युलेटर नावाचा पार्ट गेला होता. तो साधा पार्ट आहे. दुसऱ्या दिवशी बीडहून आणला आणि बसवला. मशीन तरी उठेना. चिपांवर एकेक करून बोट ठेवत गेले. एका चिपवर बोट टेकवेना, इतकी तापली होती. ती नेमकी त्या कंपनीनं त्याच मशीनसाठी बनवलेली चिप. कंपनीही आता नाही. दादाला फोन केला.

"चिप गेली रे."

तो म्हणाला, "खेळता खेळता गेलं ना? मग ठीक आहे."

मला ठीक वाटत नव्हतं. मशीन उघडंच ठेवून मी टेबलाशी बसून राहिले. आप्पांच्या दुकानातली ती मागची खोली आता परत उघडणार नाही, असं काहीसं वाटत होतं. आणि रविवारी अश्विनीचे वडील येणार होते.

रविवारी सकाळी मी शाळेत गेले ती हात हलवत. पोरांना काय सांगायचं ते वाटेत ठरवत होते. फाटकातून आत आले आणि थांबले.

मैदानावर चुन्यानं लांब लांब रेघा ओढल्या होत्या. एकावर एक. त्या रेघा मला पाठ होत्या. तो तिसरा पडदा होता. दोन मुलं दोन रेघांवर छाती काढून येरझाऱ्या घालत होती आणि टोकाला वळण्याआधी बरोबर जरा थांबत होती. चिंचोक्यांचे ढीग म्हणजे मोळ्या. एक पोरगी थाळी वाजवत होती. थाळी थांबली की वेळ संपली. आणि करण एका पायावर तोल सांभाळत उडी मारायला टपला होता.

"आत्ता!" अश्विनी ओट्यावरून ओरडली.

मिसाळ सर माझ्याजवळ आले. "परवापासून हेच चाललंय. चुन्याची पिशवी संपवली. मी काही बोललो नाही."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. अश्विनीचे वडील. नमस्कार केला आणि मैदानाकडं पाहत राहिले.

"ह्यो पोरगा कावून असा हिंडायलाय?"

"तो मुकादम आहे," मी सांगितलं.

त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर तोंडाला टॉवेल लावून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "आमचा बी असाच हाय. उसाच्या ह्या फडातून त्या फडात."

तेवढ्यात अश्विनीनं त्यांना पाहिलं. धावत येईल असं मला वाटलं. ती ओट्यावरून उतरली, चार पावलं आली आणि म्हणाली, "आबा, जरा बसा. माझा डाव आलाय."

आबा पायरीवर बसले. गाडीवाला हॉर्न देत होता. त्यांनी तिकडं नुसता हात केला. अश्विनी पहिली रेघ ओलांडून गेली, दुसरीही. तिसरीवर पाय रेघेबाहेर पडला. मेली. बाकीच्यांनी गिल्ला केला. ती हसत आली आणि बापाच्या शेजारी बसली. त्यांनी तिच्या पायाला लागलेला चुना टॉवेलनं पुसला.

"जेवतीस का गं?"

"व्हय."

"खरं सांग."

"सरांना इचारा."

सरांनी मान डोलावली. आबांनी टॉवेलचा चुना झटकला. "तुझी आई वाट बघतीय," म्हणाले. "काय सांगू तिला?"

अश्विनी मैदानाकडं पाहत होती. मग म्हणाली, "जेवतीय म्हनावं. आन् धाकट्याला मारू नका म्हनावं."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. आईनं पाठवलेली पिशवी तिच्या हातात दिली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, हिच्या कापडांचं गाठोडं बांधायचं माझं काम वाचलं." आणि गाडीकडं चालू लागले. अश्विनी फाटकापर्यंत गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली. थोडी रडलीही. मग थाळीवाल्या पोरीनं हाक मारली, तशी परत आली.

हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी तो खेळ चालला. त्यांनी चौथा पडदा स्वतःच रचला, मशीनमध्ये नसलेला. त्यात एक विहीरही होती. मशीन तसंच बंद आहे. दादा म्हणतो, बाहेरच्या देशातल्या हौशी लोकांकडं अजून चिपा सापडतात, तो शोधतोय.

सापडली तर पुढच्या हंगामात मी आधी स्टॅबिलायझर विकत घेणार आहे. खरं तर हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, नोकरीच त्याची केली. आणि गेम नीट चालू लागला की एखादा आठवडा मशीन मुद्दाम घरी ठेवून, पोरं मैदानावर काय रचतात ते बघणार आहे.