कागदावर फक्त शुगर

बालाघाटच्या एका शुगर क्लिनिकमध्ये मी वीस वर्षं नर्स आहे. पेशंट रिपोर्ट घरी नेतात, पण बोललेलं इथंच सोडून जातात. ते साचत जातं आणि माझं डोकं तापत जातं. आज थोडं बाहेर काढते.

किरनापुरचे एक रिटायर्ड गुरुजी. दर तासाला लघवीला पळायचे, धारही बारीक. "शुगर आहे, होतेच," म्हणायचे. आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "गुरुजी, शुगर तर कंट्रोलमध्ये आहे. प्रोस्टेट दाखवून घ्या." गुरुजी चिडले. "तुमची मशीन खराब असन." मग त्यांनी आणखी तीन लॅबमध्ये रक्त दिलं. सगळीकडे तेच. महिन्याभरानं परत आले आणि म्हणाले, "चारही मशीना खराब आहेत, सिस्टर."

प्रोस्टेट? ते राहूनच गेलं.

वारासिवनीचे राइस मिलवाले शेठ तर मोबाईल उघडूनच आले. "मॅडम, शुगरचे अन् प्रोस्टेट कॅन्सरचे काही जीन एकच आहेत म्हणते. शुगरवाल्याले तो कॅन्सर कमी होते. म्हणजे मी सुटलो."

मॅडमनी शांतपणे समजावलं. काही जीन दोन्हीकडे सापडतात, हे खरं. त्यातले काही एका आजाराचा धोका वाढवतात आणि दुसऱ्याचा थोडा उतरवतात, हेही खरं. "पण शेठजी, थोडा कमी म्हणजे शून्य नाही. तुमच्या एकट्याची गॅरंटी कोण देणार?"

शेठजींनी मान डोलावली, जरा विचार केला आणि विचारलं, "तो फिर शुगर की गोली बंद कर दूँ? शुगर बढ़ेगी तो और सेफ।"

मॅडम उठून पाणी प्यायला गेल्या. मी हातातलं पेन आपटलं.

एक जण म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन आला होता. शुगर कुणाकडून आली, असं मॅडमनी विचारलं, तर त्यानं सगळ्यांसमोर आईकडे बोट केलं. "इच्याचकडून." बिचारीनं हात जोडले. "चुकलं बाई माह्यं." माझ्या अंगाची आग झाली. मी विचारलं, "आणि बाबा वारले असं लिहिलंय, ते कशानं गेले?"

"काय मालूम. कधी इचारलंच नाई."

बैहरचा एक फॉरेस्ट गार्ड. घरात कुणाला कॅन्सर? "कोणालेच नाई." तो गोळ्या घ्यायला गेला तशी त्याची बायको परत आत आली. "सिस्टर, सासऱ्याले होता, जेठाले, यायच्या मोठ्या भावालेही होता. तिथलाच, लघवीच्या जागचा. पण पोरीचं लग्न जमून राह्यलं, कागदावर नका लिहू." मी म्हटलं, "बरं, लग्न झालं की यांना तपासणीला घेऊन ये."

"मंग धाकटीचं जमवाचं आहे ना."

आता देवाजीकाका. किरनापुरकडच्या खेड्यातले, हळू बोलणारे. त्यांना शुगर नव्हतीच, प्रोस्टेटचा कॅन्सर होता. पण घरी शुगरच सांगितलेली. दर तीन महिन्यांनी कॅन्सरचं इंजेक्शन घ्यायला माझ्याकडेच यायचे, म्हणजे घरी संशय नको. मी दर वेळी भांडायची. "काका, बापाला असला तर पोरांना धोका जास्त असतो. त्यांना तरी सांगा." ते खाली बघायचे. "त्या जागचं पोराले कसं सांगू, बाई? शुगर सगळ्यायलेच आहे." बायको, सगुणाबाई, बाहेर बाकावर बसलेली असायची, तिलाही शुगरच माहीत. काकांनी आमच्याकडून शपथ घेतलेली, म्हणून आम्ही गप्प. पाच वर्षं असंच चाललं.

काका गेल्यावर सगुणाबाई मोठ्या मुलाला घेऊन आल्या. "याच्या बापाले शुगर होती. याची तपासून द्या." तो पन्नाशीचा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन तपासण्या लिहिल्या, शुगरची आणि प्रोस्टेटची. "या वयात दोन्ही करायच्या," एवढंच म्हणाल्या. तो रक्त द्यायला गेला.

सगुणाबाई माझ्या बाजूला बसल्या. "पाच वर्ष फिका चहा देल्ला त्यायले, एक दिवस चुकली नाई. शेवटल्या दिवशी पेढा मांगला. मी म्हटलं, नाई, शुगर वाढन. मंग त्यायनं मांगलाच नाई." त्यांनी माझा हात धरला.

"बरोबर केलं ना मी, बाई?"