मेहकरची चटणी

लग्न होऊन मी बीदरजवळच्या चिटगुप्पा गावातल्या घरात आले, तेव्हा माझी थोरली जाऊ तिथं नवऱ्याविना राहत होती. मी तिला अक्का म्हणे. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी थोरल्या दिरांचं शेतातल्या विहिरीवरून सासऱ्यांशी भांडण झालं. "हैदराबादला काम लागलं की तुला नेतो," एवढं अक्काला सांगून ते मोटारीत बसले. दोन पत्रं आली, मग काहीच नाही. चार वर्षांत घरात त्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांचं धान्याचं दुकान होतं. एकदा हैदराबादचा एक व्यापारी तूर घ्यायला आला आणि आमच्याकडे जेवला. अक्कानं कुटलेली शेंगाची चटणी त्यानं तीनदा मागून घेतली. पुड्या बांधून मोटारीनं पाठवा, मी माझ्या दुकानात ठेवतो, म्हणाला. निघता निघता वळून म्हणाला, "नाम तो डालो अप्पा. बिन नाम की चीज दुबारा कौन मंगता?"

मग आठवडाभर घरात नाव शोधणं चाललं. माझे यजमान म्हणाले, मोर छाप. अप्पांना देवाचं नाव हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते मागं घेतलं. चटणी संपली की लोक कागद फेकणार, देवाचं नाव पायाखाली येईल. मी ‘घरची चटणी’ म्हटलं, तर यजमान हसले. कुणाच्या घरची, ते कसं कळणार? अक्का इतके दिवस गप्प बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मेहकर घाला."

मेहकर म्हणजे भालकीकडचं तिचं माहेर.

"माहेराचं नाव कामून?" अप्पा म्हणाले. "शेंगा ह्या घरच्या, कुटायलीस ह्या घरात."

"व्हय अप्पा. पण हात तिथं वळला."

अप्पांनी तेच नाव ठरवलं. मुलगा गेल्यापासून ते तिला कशालाच नाही म्हणत नसत.

यजमान कागद छापून आणायला बीदरला निघाले, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "उर्दूतलं नाव मोठं काढायला सांगा भावजी. मराठी बारीक असलं तरी चालंल." मला नवल वाटलं. दुपारी उखळापाशी दोघीच होतो, तेव्हा मी कारण विचारलं.

"नवरा बायकोला नावानं हाक मारत न्हाई आपल्यात," ती म्हणाली. "ते मला मेहकर म्हणायचे. मेहकर, पाणी दे. मेहकर, दार लाव. शाळा सगळी उर्दूत झाली त्यांची, मराठी वाचायचा कंटाळा." मुसळ भिंतीला टेकवून तिनं हात झटकले. "कुठल्या दुकानात नजर पडली तर पडली."

पुड्या हैदराबादला आणि थोड्या बीदरलाही जायला लागल्या. हैदराबादहून रिकामी टोपली परत यायची, त्या दिवशी अक्काला दारात काही ना काही काम निघे. खप चांगला आहे, असा निरोप आला की ती विचारी, "कोण नेतंय?"

"गिऱ्हाईक नेतंय वैनी," यजमान म्हणत. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

दीड वर्षानं अप्पांच्या दुकानाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. उर्दूत होतं आणि वर ‘मेहकर’ लिहिलं होतं. अप्पांनी चष्मा लावला, पण अक्षर त्यांनी त्याआधीच ओळखलं असावं. त्यांनी वाचलं, "चटणी खाल्ली. लसूण कमी पडलाय."

"आणखी?" अक्कानं विचारलं.

"एवढंच हाय." त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. बापासाठीही एक शब्द नव्हता. कार्ड अक्काच्या हातात देऊन ते परसात गेले.

यजमान हैदराबादला जाऊन चार दिवस हिंडून आले. व्यापारी म्हणाला, दिवसाकाठी शंभर माणसं येतात, कुणाचा चेहरा ध्यानात ठेवू? अक्कानं मात्र लसूण वाढवला. बीदरची गिऱ्हाइकं कुरकुरली, तर अप्पाच म्हणाले, राहू दे. दर घाण्याला ती चिमूटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवून विचारी, "आता बराबर हाय का गं?" मला काय ठाऊक? मी व्हय म्हणत असे.

पुढं राज्यांची वाटणी होणार, बीदर म्हैसूरकडे आणि हैदराबाद आंध्रात जाणार, असं लोक बोलायला लागले. त्याच सुमारास व्यापाऱ्यानं थकून दुकान बंद केलं. हैदराबादच्या पुड्या थांबल्या. महिनाभर अक्का नीट जेवली नाही. मग एका सकाळी तिनं अप्पांपुढं येऊन सांगितलं, "मी हैदराबादला जायलेय." तिचा भाऊ तिकडे गिरणीत लागला होता. त्याच्याजवळ राहून तिथंच चटणी कुटून विकीन, म्हणाली. अप्पांनी पोतंभर शेंगा स्वतः मोटारीवर चढवून दिल्या.

वर्षाच्या आत मी तिला भेटायला गेले. एका खोलीत ती भावाच्या कुटुंबासोबत राहत होती. हाताला घट्टे पडले होते. तिनं अप्पांचे गुडघे विचारले, म्हशीचं विचारलं. दिरांबद्दल तीही बोलली नाही, मीही नाही. पण आम्ही बाजारात गेलो, तेव्हा समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती पाहत होती, आणि थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की मीही पाहायलेय.

ती मोटारीपर्यंत पोचवायला आली. मोटार हलली तरी खिडकीची कड तिनं धरूनच ठेवली होती आणि दोन-चार पावलं बरोबर चालली. परतीच्या वाटेवरचं जहीराबाद मागं पडेपर्यंत मी खिडकीबाहेर दिसणाऱ्या माणसांचे चेहरेच पाहत होते.